पऱ्हाटी आणि पर्ल

आम्ही दोघे नवराबायको मराठीचे अध्यापक. महाविद्यालये वेगळी, अभ्यासक्रम एक, आणि घर नवीन जालन्यात, कुंडलिकेच्या अलीकडे. (नदीपल्याडच्या जुन्या जालन्यातली माणसे 'अलीकडे' आणि 'पलीकडे' हे शब्द नेमके उलटे वापरतात, हे प्रथम आमच्या सरांनी लक्षात आणून दिले होते. सरांचा उल्लेख पुढे पुष्कळ यायचा आहे.) या घरात गेली दोन-अडीच वर्षे रात्रीच्या जेवणानंतर जे चालते ते ऐकून सहकारी हसतात. आम्ही पर्ल नावाच्या संगणकीय भाषेत एक टेक्स्ट एडिटर लिहीत आहोत. त्याला 'संपादक' म्हणावे असे फार वाटते, पण तो शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे लेख परत पाठवणारा गृहस्थ उभा राहतो. म्हणून एडिटरच बरा.

तर सांगायचे ते असे. ज्यांच्या हाताखाली आम्ही दोघेही एम.ए. झालो त्या सरांनी निवृत्तीनंतर एकच उद्योग केला. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद या तालुक्यांतल्या गावांमधून हिंडून बोलीतले शब्द गोळा करायचे आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर लिहून ठेवायचे. शेतीचे शब्द, स्वयंपाकघरातले, बैलांच्या रंगांचे, भांडणातले. निजामी अमदानीतून उरलेले दखनी वळणाचेही पुष्कळ. २००३ साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने एका डीटीपीच्या दुकानात ही सारी टाचणे टंकून घेतली आणि एका सीडीवर घातली. प्रकाशक मिळाला नाही. टाचणांना पुढे वाळवी लागली. २०१९ मध्ये सर गेले, आणि ती सीडी आमच्याकडे आली. सुमारे तीन हजार आठशे नोंदी, आणि त्यांची ही एकच प्रत.

ती उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टक्केवारीची चिन्हे, कंस आणि आकडे यांचा रोवळीतून सांडावा तसा सडा. त्या काळच्या टंकनाशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे नवे नाही. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठीचे 'इस्की' हे प्रमाणही त्याच सालचे, आणि १९९१ मध्ये ते सुधारून पक्के झाले. युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी मुळात या १९८८च्या इस्कीवरूनच घेतलेली आहे. म्हणजे संगणकाने मराठी कशी साठवावी याचे उत्तर आपल्याच गावात तयार होते. पण डीटीपीच्या दुकानांत प्रत्येक कंपनीचा फाँट निराळा आणि प्रत्येक फाँटची खातेवही निराळी. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकृती बसवायची, एवढाच मामला. फाँट आहे तोवर मराठी; फाँट गेला की उरतो तो सडा.

त्यातही एक मेख आहे. हे फाँट दिसते त्या क्रमाने साठवत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी आणि अक्षर नंतर. रफार डोक्यावर शेवटी चढतो, म्हणून तो शेवटी. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवते: 'किती' यात आधी क, मग वेलांटी, 'अर्थ' यात आधी पाय मोडलेला र, मग थ. आमच्यापैकी एकाने एम.फिल.च्या वेळी, २००५च्या सुमारास, शब्द मोजण्यापुरते पर्ल शिकून घेतले होते. त्या जुन्या ओळखीवर पंधरा दिवस खपून एक रूपांतरक लिहिला. सडा विरला, शब्द दिसू लागले. आणि पहिल्याच पानावर 'पर्हाटी' दिसली.

पऱ्हाटी. कापसाच्या या मुलखात हा शब्द न ऐकलेला माणूस नाही. पण सीडीवर तिच्या ह च्या डोक्यावर रफार बसला होता. दोष यंत्राचा एकट्याचा नव्हता. मराठीला दोन प्रकारचे अर्धे र लागतात: डोक्यावर चढणारा रफार आणि समोर पापणीसारखा लवणारा अर्धचंद्र. समुद्राचा 'दर्या' वेगळा, डोंगरातल्या 'दऱ्या' वेगळ्या. आचार्यांना द्यायची दक्षिणा आचाऱ्यांना दिली की पंगत बिघडते. दुकानातल्या टंकलेखकाने जिथे अर्धचंद्र सापडला नाही तिथे रफार ठोकून दिला होता, काही ठिकाणी उलटेही केले होते. कोणता कुठे हवा हे यंत्राला कळण्याजोगे नव्हते. कुऱ्हाड, गऱ्हाणे, वऱ्हाड हे ओळखता येतात. पण जो शब्द कोणत्याच कोशात नाही, मोल्सवर्थमध्येही नाही, आणि सरांनी मंठ्याच्या बाजारात एखाद्या म्हातारीकडून ऐकला आहे, त्याचे काय? तीन हजार आठशे ओळी डोळ्यांनी वाचून हाताने दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आता हे काम नेहमीच्या लेखन-प्रणालीत होऊ शकले असते. आम्ही सुरुवात तिथेच केली. दुसऱ्या दिवशी थांबलो. पडद्यावरची जवळजवळ प्रत्येक नोंद लाल नागमोडी रेघेने अधोरेखित झाली होती. यंत्राच्या शब्दकोशात सरांचे शब्द नाहीत, सबब ते चूक. आणि ती प्रणाली आमचे लक्ष नसताना एखाद्या शब्दाचे परस्पर शुद्धीकरणही करून टाकत होती. ती सोय बंद करता येते हे आम्हांला माहीत आहे. पण त्या लाल रेघा बघून आमच्यापैकी एकीने हळूच म्हटले, "वीस वर्षे उत्तरपत्रिकांवर आपण दुसरे काय केले?" त्यानंतर त्या प्रणालीत काम करावेसे वाटले नाही.

आमच्याजवळ महाविद्यालयाच्या निर्लेखनात निघालेला एक संगणक होता. लिलावात घेतलेला. त्याच्यावर लिनक्स चालते, आणि लिनक्ससोबत पर्ल बहुधा आलेले असतेच. जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेली पर्लची जोडकामे, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, 'सीपॅन' नावाच्या महाकोठारात असतात. पडद्यासाठी 'कर्सेस', कळांसाठी 'टर्म-रीडकी' अशी तयार मॉड्यूल आहेत. पण त्या यंत्राला इंटरनेट नव्हते, आणि खरे सांगायचे तर थोडा हट्टही होता. सरांनी टाचणे वहीच्या उरलेल्या कोऱ्या कागदांवर लिहिली होती. आपणही घरात आहे त्यात भागवू.

पर्लबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिचे कर्ते लॅरी वॉल. पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ची. हे गृहस्थ मुळात भाषाविज्ञानाचे विद्यार्थी. लिपी नसलेली एखादी भाषा शोधावी आणि तिला लिपी द्यावी, असा त्यांचा आणि त्यांच्या पत्नी ग्लोरिया यांचा विचार होता. प्रकृतीच्या कारणाने ते राहून गेले आणि ते संगणकाकडे वळले. त्यामुळे पर्लमध्ये व्याकरण शिकवणाऱ्याला ओळखीचे बरेच काही भेटते. एकट्या वस्तूच्या नावापुढे डॉलरचे चिन्ह लागते, अनेकांच्या नावापुढे 'ॲट'चे. म्हणजे वचनाचा प्रत्यय शब्दाच्या मागे न लागता पुढे लागतो. ओळींची यादी अनेकवचनी अपेक्षेने विचारली तर ओळी मिळतात, एकवचनी अपेक्षेने विचारली तर ओळींची संख्या. सर्वनामही आहे: डॉलर आणि त्यापुढे अधोरेषा. ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे 'ते'. दर्शक सर्वनाम शिकवताना हे उदाहरण वर्गात द्यावे असा मोह आम्हांला अनेकदा झाला आहे.

असो. एडिटर लिहिणे म्हणजे काय हे सुरुवातीला कळलेच नव्हते. वाटले, कळ दाबली की अक्षर उमटते, त्यात लिहायचे काय? पहिल्याच संध्याकाळी उलगडा झाला. टर्मिनल आपण लिहिलेले प्रोग्रामला लगेच देतच नाही. एंटर दाबेपर्यंत ओळ स्वतःजवळ ठेवते, तिच्यातल्या चुका खोडू देते, आणि मग पूर्ण ओळ हवाली करते. युनिक्सची मंडळी या अवस्थेला 'शिजवलेली' म्हणतात. एडिटरला हवी असते 'कच्ची' अवस्था: एकेक कळ, दाबताक्षणी, आणि पडद्यावर आपोआप काहीही न उमटता. मॉड्यूल नसल्याने यासाठी 'एसटीटीवाय' ही लिनक्सची जुनी आज्ञा पर्लमधून द्यावी लागते. प्रोग्राम मध्येच कोसळला तर टर्मिनल कच्चेच राहते. मग लिहाल ते दिसत नाही. आंधळेपणाने 'एसटीटीवाय सेन' असे लिहून कंट्रोल आणि जे या कळा दाबायच्या. 'सेन' म्हणजे ठिकाणावर ये. पहिल्या आठवड्यात ही आज्ञा आम्ही इतकी दिली की घरात एकमेकांनाही देऊ लागलो.

मग कळा. वर जाण्याच्या बाणाची एक कळ दाबली तर तीन बाइट येतात: २७, ९१, ६५. आपला 'क' लिहिला तरी तीनच बाइट येतात: २२४, १६४, १४९. देवनागरीच्या खास कोष्टकातल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४, दुसरा १६४ किंवा १६५, आणि खरी ओळख तिसऱ्यात. गावातल्या सगळ्यांचे आडनाव एक असावे तसे. एकेक बाइट वाचत जायचे, तिन्ही जमले की पर्लकडून त्यांचे एक चिन्ह करून घ्यायचे. ओळी एका यादीत ठेवायच्या, नवी ओळ मध्ये घुसवायची तर 'स्प्लाइस' नावाच्या क्रियापदाने यादी फाकवायची. हे सारे चार-पाच संध्याकाळींत जमले. मग खोडण्याची कळ लिहायला घेतली, आणि तिथे तीन आठवडे गेले.

वाचकांना वाटेल, बॅकस्पेसमध्ये एवढे काय? एक अक्षर मागे जायचे आणि ते पुसायचे. पण एक अक्षर म्हणजे काय? 'पऱ्हाटी' घ्या. संगणकाच्या लेखी तिच्यात २१ बाइट आहेत. युनिकोडच्या लेखी सात घटक: प, ऱ, पाय मोडण्याची खूण, ह, काना, ट, दीर्घ वेलांटी. पर्लमध्ये 'वाचकाला एक वाटेल असा तुकडा' उचलण्यासाठी एक खास खूण आहे, उलटी तिरकी रेघ आणि पुढे कॅपिटल एक्स. तिने मोजले तर आमच्या जुन्या आवृत्तीत चार तुकडे निघाले, कारण ती जोडाक्षर मोडक्या पायापाशी तोडत होती. आणि पहिलीतल्या मुलाला विचारले तर तो बोटांवर मोजून तीन म्हणेल: प, ऱ्हा, टी. छंदःशास्त्र शिकवताना आम्हीही तीनच मोजतो. (युनिकोडने स्वतः ही गोष्ट २०२३च्या १५.१ या आवृत्तीत मान्य केली आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड मानण्याचा नियम घातला. आमचे निर्लेखित यंत्र त्याच्या फार आधीचे.)

आमच्यापैकी एकाचे म्हणणे, कळ एकदा दाबली की पूर्ण अक्षर जावे. ज्याला आपण अक्षर म्हणतो ते तोडणारे यंत्र कोण? दुसरीचे म्हणणे, 'स्त्री' लिहिताना शेवटी वेलांटी चुकीची पडली तर त्यासाठी स, त आणि र यांनाही का घालवायचे? चुकली ती वेलांटी. लिहिणाराने घटक एकामागून एक ठेवले, तर त्याने ते एकामागून एक उचलावे. हा वाद जेवणाच्या ताटावर झाला, नळाला पाणी आले त्या दिवशी बादल्या भरता भरता झाला. शेवटी तडजोड अशी: बाणाच्या कळांनी फिरताना अक्षर अखंड राहील, पुढचे पुसण्याची कळ पूर्ण अक्षर पुसेल, आणि मागचे पुसण्याची कळ शेवटचा घटक तेवढा उचलेल. बहुतेक प्रचलित लेखन-प्रणालींतही साधारण हेच असते, असे नंतर तपासल्यावर कळले. पूर्वी कुणीतरी हाच वाद घालून तो मिटवून ठेवला होता, आणि आम्ही वीस वर्षे ती कळ दाबत होतो.

अक्षर अखंड ठेवण्यासाठी नियम लिहिला की, ज्या तुकड्याच्या शेवटी पाय मोडला आहे त्याला पुढचा तुकडा चिकटव. उत्तम चालला. मग सरांच्या एका नोंदीत 'श्रीमान्' आला, पाय मोडलेला न आणि पुढे मोकळी जागा. नियमाने ती जागाही न ला चिकटवली. जागा पुसायला जावे तर न सुद्धा जाई. जुन्या वळणाने लिहिलेल्या तत्सम शब्दांनी आम्हांला असे दोन दिवस छळले. आणखी एक गुंता अर्धचंद्राचा. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य सांधा ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखे. पण दुसऱ्या पद्धतीची पऱ्हाटी २४ बाइटांची, आणि शोधायला गेले की एक सापडली तर दुसरी सापडत नाही. फाइल उघडतानाच सगळ्या सांध्यांचे रूपांतर पहिल्या पद्धतीत करून टाकायचे असे ठरवले. एका ओळीचे काम होते.

पडद्यावर कर्सर नेमका कुठे उभा करावा, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक घर. देवनागरीत अनुस्वाराला घर लागत नाही, जोडाक्षराला किती लागेल ते त्या त्या टर्मिनलच्या मर्जीवर. लिनक्सच्या निव्वळ काळ्या पडद्यावर तर जास्तीत जास्त ५१२ आकृत्याच मावतात, त्यामुळे जोडाक्षरे तिथे शक्यच नाहीत. देवनागरी दाखवू शकणारा टर्मिनल प्रोग्राम वेगळा चालवावा लागतो. आम्ही घरे मोजण्याची कोष्टके करून पाहिली आणि दर वेळी चुकलो. मग जुन्या टर्मिनलांच्या आज्ञांमध्ये, १९७८च्या व्हीटी-१०० पासून चालत आलेल्या, एक आज्ञा सापडली: 'तू कुठे उभा आहेस?' ती पाठवली की टर्मिनल ओळ आणि रकाना सांगते. तेव्हा मोजणे सोडले. ओळीचा तेवढा भाग छापायचा, आणि विचारायचे. आमच्या टर्मिनलात ते उत्तर बरोबर जुळते. फक्त हे उत्तर कळफलकाच्याच वाटेने येते, आणि कुणी भराभर लिहीत असेल तर लिहिलेल्यात मिसळते. एका रात्री सरांच्या 'इळा' या नोंदीत अर्थाच्या मधोमध चौकटी कंस, बारा, अर्धविराम, सात आणि एक इंग्रजी आर असे उमटलेले सापडले. विळ्याला पाते असते तसे ते दिसत होते खरे, पण काढावे लागले.

यानंतरचे सांगायला आम्हांला बरे वाटत नाही. फाइल जतन करण्याचा भाग आम्ही सर्वांत सोपा समजून घाईने लिहिला होता. फाइल लिहिण्यासाठी उघडायची आणि ओळी ओतायच्या. पर्लला फाइल अशी उघडायला सांगितली की ती आधी रिकामी होते, मग भरते. त्या दोहोंच्या मध्ये क्षणाचे अंतर असते. वैशाखातल्या एका संध्याकाळी त्या क्षणी वीज गेली. वीज आली तेव्हा फाइल होती, पण शून्य बाइटांची. आता आमचा एडिटर आधी दुसऱ्या नावाने पूर्ण फाइल लिहितो, ती खरोखर तबकडीवर उतरल्याची खात्री करतो, आणि मगच नाव बदलून जुनीच्या जागी ठेवतो. हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या प्रकरणात असते. सीडी शाबूत होती, तिसऱ्या दिवसापूर्वीची प्रतही होती. गेले ते तीन दिवसांचे काम, म्हणजे सुमारे दीडशे नोंदी.

त्या दीडशे नोंदींमध्ये अशा कित्येक होत्या ज्यांचे अर्थ सीडीवर तुटक होते आणि आम्ही ते सरांच्या पत्नीला, काकूंना, फोनवर विचारून भरले होते. काकू परतूरला मुलाकडे असतात. ऐंशीच्या पुढे आहेत. सरांबरोबर गावोगाव त्या जात, आणि बायकांमधले शब्द त्यांनीच काढून आणलेले. आम्ही मुकाट्याने पुन्हा फोन लावला, फाइल गेल्याचे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. पुन्हा सगळे सांगितले. पण ते सगळे तसेच नव्हते. 'पऱ्हाटी'ला पहिल्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, वावरात उभी असते ती कपाशी, झाडच. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, कापूस वेचून झाल्यावर उपटून वाळवलेली काटकी, चुलीत घालायची. आमच्यापैकी एकीने भीत भीत विचारले, "काकू, मागच्या वेळी तुम्ही उभं झाड म्हणाला होतात."

"म्हनले आसन," काकू म्हणाल्या. "तवा ते आठवलं, आता हे आठवलं. दोन्ही बी खरंच हाये. लिवा की दोन्ही."

पऱ्हाटीचे दोन्ही अर्थ आम्ही इथे राहिल्याने नाहीतरी ओळखून होतो. इतर पन्नासेक शब्दांबाबत ते भाग्य नाही. पहिल्या वेळी काकूंनी काय सांगितले होते यावर आमच्या दोघांच्या आठवणीही जुळत नाहीत. जिथे जुळतात तिथे दोन अर्थ लिहिले. जिथे नाहीत तिथे काकूंनी दुसऱ्यांदा सांगितलेला एक.

एडिटर आता सहाशे ओळींचा झाला आहे, वाचन 'म'पर्यंत आले आहे. एक उणीव राहिली आहे ती सांगतो. पडद्याच्या रुंदीहून लांब असलेली ओळ मोडून खाली आणणे आम्हांला अजून साधलेले नाही. अक्षरांची घरे मोजता येत नाहीत, तोवर कुठे मोडायची हे ठरत नाही. त्यामुळे पऱ्हाटीची नोंद उघडली की शब्द दिसतो, व्याकरण दिसते, पहिला अर्थ दिसतो. दुसरा उजव्या कडेच्या बाहेर असतो, आणि तिथवर बाणाची कळ दाबत जावे लागते.